धोंडीबा बुवांचं धनुष्य

कीर्तनाला पहिल्या रांगेत बसायचं असेल तर माणसानं तोंड मिटून बसावं. हा धडा मला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मिळाला, आणि तो मिळेपर्यंत माझा एक चष्मा, अंगठ्याचं एक नख आणि गल्लीतली बरीचशी अब्रू गेली होती.

माघात आमच्या मारुतीच्या देवळात सप्ताह असतो. कळंबमध्ये सप्ताह पुष्कळ होतात, पण आमच्याकडं सहाव्या दिवशी धोंडीबा बुवा असतात, त्यामुळं आमचा सप्ताह हा खरा सप्ताह. हे मी शेजारच्या गल्लीतही बोलून दाखवतो. बुवांचं वय अठ्ठ्याहत्तर. राहतात इथून आठ किलोमीटरवरच्या खेड्यात. रामकथा सांगावी तर त्यांनीच. बुवांनी रिकाम्या हातांनी धनुष्याचा दोर कानापर्यंत ओढला, की मृदंगवाला आपोआप मान खाली घालतो. मी स्वतः एकदा बाजूला सरकलो होतो, आणि माझ्या मागच्या माणसानं त्याबद्दल माझे आभार मानले होते.

त्या वर्षी सहाव्या दिवशी बुवांनी असाच दोर ओढला आणि मधेच हात खाली सोडले. टाळ थांबले.

"मंडळी," बुवा म्हणाले, "औंदाच्या रामनवमीचं कीर्तन झालं की मी थांबणार. गुडघे आता हुभं राहू देत न्हाईत. पर एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करतो. पन्नास वर्सं झाली, रामाचं धनुष्य सांगतोय. पर धनुष्य म्या कधी हातात धरलेलं न्हाय. किती जड असतं, दोर कसा ताणतो, ठावं न्हाय. सगळं आपलं मनानंच सांगितलं."

मांडवात कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, तेवढाच आवाज. अशा वेळी पहिल्या रांगेतल्या माणसानं "रामकृष्णहरी" म्हणायचं असतं. मी तोंड उघडलं ते तेवढ्याचसाठी.

"बुवा, मी करून देतो!"

माइक माझ्यापासून दोन हातांवर होता. वाक्य बसस्टँडपर्यंत गेलं, असं नंतर लोकांनी सांगितलं.

बुवा म्हणाले, "करून म्हंजे? इकत न्हाय ना आननार?"

"करून. माझ्या हातानं. रामनवमीला तुमच्या हातात देतो."

टाळकऱ्यांनी टाळ वाजवले, मृदंगवाल्यानं थाप मारली, कुणीतरी माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं. तोपर्यंत माझा आणि सुतारकामाचा संबंध एकदाच आला होता. शाळेतल्या टेबलाचा पाय हलत होता म्हणून मी त्याच्याखाली हजेरीचा जुना कागद दुमडून घातला होता. मी त्या शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. पण व्यासपीठासमोर दिलेला शब्द म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आणि बुवांना धनुष्य धरायला एकच कीर्तन उरलं होतं.

घरी आल्यावर ही एवढंच म्हणाली, "अहो, न्हाणीच्या दाराची कडी चार महिने झाले लोंबकळतीय. रामाच्या आधी तेवढी बसवता का बघा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सल्ले सुरू झाले. पहिले आले आण्णासाहेब. हे आमचे शेजारी, निवृत्त कृषी सहाय्यक. निवृत्तीनंतर त्यांच्याकडं शेती नाही, पण सहाय्य भरपूर आहे.

"बांबू घ्या," ते म्हणाले. "दोन तासांत काम होतंय. वाकवायचा, बांधायचा, मोकळं व्हायचं."

मी म्हटलं, "आण्णासाहेब, असं धनुष्य पोरं दसऱ्याला करतात. पन्नास वर्षं वाट पाहिलेल्या माणसाच्या हातात बांबू द्यायचा?"

"मग लोखंडी सळई घ्या."

माझी मुलगी वैष्णवी नववीत आहे. तिनं मोबाइलवर मला चित्रफिती दाखवल्या. एक दाढीवाला गोरा माणूस बर्फाच्या जंगलात एकटा उभा राहून, कुणाशी एक अक्षर न बोलता, ओंडक्यातून धनुष्य काढत होता. मी भारावून गेलो. त्याच्या जंगलात शेजारी नव्हते, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. लाकूड वर्षभर सावलीत वाळवा, असं चित्रफितीखाली लिहिलं होतं म्हणे. आमच्याकडं पन्नास दिवस होते.

शेवटी मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गफारभाईच्या दुकानात गेलो. गफारभाई दरवाजे-खिडक्या करतो, आणि लाकडाशी माणसापेक्षा जास्त बोलतो.

"धामण बघा, भाऊसाहेब," तो म्हणाला. "कुऱ्हाडीला दांडा धामणीचाच का घालतेत? वाकती, पर मोडत न्हाय. नवऱ्यासारखी असती बगा."

धामणीचं झाड माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे रणधीरच्या माकणीतल्या शेतात बांधावर होतं. फोन केला तर तो म्हणाला, "या दाजी, एक फांदी काय, दोन न्या." इथं काम सोपं होतं. पण आण्णासाहेबांच्या तोंडून एक वाक्य निघालं, "परवानगी घेतली का? तुम्ही पगारी माणूस. उद्या कुणी फोटो काढून टाकला तर?" आणि माझ्यातला लिपिक जागा झाला. ज्याच्या रक्तात अर्ज आहे त्याला अर्जाशिवाय फांदी कापवत नाही.

तीन प्रतींत अर्ज करून मी एका कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला. 'प्रयोजन' या रकान्यात मी प्रामाणिकपणे 'धनुष्य' लिहिलं होतं.

"हे तर शस्त्र झालं," तो म्हणाला. "शस्त्राचं आमच्याकडं नसतं. पोलीस ठाण्यात जावा."

ठाण्यात हवालदारसाहेबांनी विचारलं, "बाण किती हायत?"

"अजून एकही नाही."

"मग हे निसतं लाकूड झालं. लाकडाचं आमच्याकडं नसतं."

तिसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात एक पिकल्या मिशांचे साहेब भेटले. त्यांनी मला खुर्ची दिली, त्यावरूनच प्रकरण अवघड आहे हे मी ओळखलं. "भाऊसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "बांधावरच्या एका फांदीसाठी आजवर कुणी अर्ज केला न्हाय. गरजबी न्हवती. पण आता तुमचा अर्ज आवकला चढलाय. आता त्याला उत्तर द्यावंच लागंल."

"किती दिवस लागतील?"

"पंचेचाळीस."

"मग मी अर्ज मागं घेतो."

"माघारीचा अर्ज वेगळा असतो," ते म्हणाले, आणि लिपिकानं लिपिकाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत इतकी आपुलकी होती, की मी तो अर्जही तीन प्रतींत केला.

*

रणधीरनं फांदी तोडली, पाचरी घालून उभी फोडली आणि साडेपाच फुटांचं, मनगटाएवढं जाड, अंगावर साल असलेलं एक ओलं लाकूड माझ्या खांद्यावर दिलं. "दाजी, धनुष्य करताय का घराला वासा?" असं विचारून तो त्याच्या कामाला गेला.

येताना एस.टी.त बसायला जागा नव्हती; माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी त्या ओल्या लाकडाकडं बराच वेळ पाहिलं, मग माझ्या उतरलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोन गेलं?"

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला. ओलं लाकूड खांद्यावर घेऊन माणूस घाईघाईनं गावाकडं निघालाय, म्हणजे तिरडीचं सामान, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

"कुणी नाही. रामासाठी नेतोय."

"राम गेला व्हय!" ते म्हणाले. "वय काय हुतं?"

मागच्या दोन बायका हळहळल्या. कंडक्टरनं लाकडाचं तिकीट मागायला काढलेला हात परत खिशात घातला. एका पोरानं उठून मला खिडकीची जागा दिली. खरं सांगायला हवं होतं, पण मी सकाळपासून उभा होतो. गाडी बदलायचं धाराशिव येईपर्यंत मी डोळे मिटून बसलो आणि मनातल्या मनात रामाची क्षमा मागत राहिलो. उतरताना त्या म्हाताऱ्यांनी लाकडाला हात लावून नमस्कार केला.

*

लाकडाच्या दोन्ही टोकांना रंग लावा, नाहीतर वाळताना चिरा पडतील, असं गफारभाईनं बजावलं होतं. घरात रंग एकच होता. देवळाचा दरवाजा रंगवताना उरलेला, लखलखीत शेंदरी. तो मी सढळ हातानं लावला आणि लाकूड घरासमोरच्या लिंबाच्या बुंध्याला, सावलीत, उभं करून ठेवलं. तो मंगळवार होता, आणि गल्ली झोपली होती. बुधवारपासून शाळेत बारावीच्या परीक्षेचं काम लागलं. पहाटे जायचं, अंधार पडता यायचं, आणि तेही मागच्या गल्लीनं, कारण समोरच्या गल्लीत प्रत्येक ओट्यावरून "धनुष्य कुठवर आलं?" असं विचारायचे.

शनिवारी परीक्षेचं काम लवकर आटोपलं. कुणाच्या प्रश्नाला न घाबरता समोरूनच घरी निघालो. पाहतो तो लिंबाखाली नवं देवस्थान! शेंदूर, हळद, कुंकू, झेंडूचा हार, समोर चार नारळ, लिंबं आणि पेटलेली उदबत्ती. माझा स्वभावच असा आहे, की देव दिसला की तो कुठला हे मी आधी विचारत नाही. मी चपला काढल्या. हात जोडले. तीन प्रदक्षिणा घातल्या. डोळे मिटून मनापासून म्हणालो, "देवा, बुवांचं धनुष्य तेवढं धड होऊ दे." मग तिथल्याच ताटलीतला खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून घरात आलो, हातपाय धुतले आणि हिला म्हणालो, "लाकूड कितपत वाळलं बघून येतो."

बाहेर आलो. लिंबाखाली गेलो. देवाकडं पाहिलं.

खोबरं माझ्या घशात अडकलं.

"अगं, तू चार दिवस बघत होतीस ना?" मी आत जाऊन विचारलं.

"बघत होते की," ती पीठ मळता मळता म्हणाली. "मला वाटलं कुंकू तुम्हीच लावलं. तुमचं काय सांगावं?"

मग सगळा उलगडा झाला. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा, शुक्रवारी पाणी येतं. त्या बुधवारी, पाळी नसताना, ते पहाटेच आलं. पाणी भरायला सगळ्यांत आधी उठल्या त्या आमच्या गल्लीच्या वडीलधाऱ्या धुरपदाबाई. वय पंच्याऐंशी, आवाज पंचविशीतला. त्यांनी बघितलं, की काल रात्री निजताना जिथं काही नव्हतं तिथं शेंदूर माखलेली काठी उभी आहे आणि नळ धो धो वाहतोय. त्यांनी हांडा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि सगळी गल्ली उठवली. मी तेव्हा मागच्या गल्लीनं शाळेच्या वाटेला लागलो होतो.

"आत्या," मी त्यांच्या ओट्यावर जाऊन म्हणालो, "ते लाकूड माझं आहे. धनुष्य करायला आणलंय."

"देव कुनाचा आसतो का रं?" धुरपदाबाई म्हणाल्या. "तुज्या दारात आला, नशीब समज. त्याला रंधा लावतोस? पानी दिलंय त्यानं."

"तो रंग आहे आत्या, देवळाच्या दाराचा."

"बघ! रंगबी देवळाचाच!"

मनातून मीच हबकलो होतो. ज्याला तीन प्रदक्षिणा घातल्या, ज्याचा प्रसाद खाल्ला, ज्याच्याकडं धनुष्य होऊ दे म्हणून मागणं मागितलं, त्यालाच आता रंध्यानं तासायचं? दुसरं लाकूड आणावं म्हटलं तर वाळायला दिवस नव्हते. तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रामनवमी अठरा दिवसांवर आली होती, आणि माझा शब्द झेंडूचा हार घालून लिंबाखाली उभा होता.

चौथ्या दिवशी मी पुन्हा धुरपदाबाईंपुढं जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. बुवांचे गुडघे, पन्नास वर्षं, रिकामे हात, शेवटचं कीर्तन. त्यांनीही बुवांचं पहिलं कीर्तन कडेवर पोर घेऊन, पाठीमागच्या रांगेत बसून, ऐकलं होतं.

"रामाच्या कामाला जात आसंल तर जाऊ दे," त्या शेवटी म्हणाल्या. "पर तंबाखूच्या, चहाच्या तोंडानं कुनी त्याला हात लावायचा न्हाय. उपाशी मानसानंच हात लावायचा. भुसा पायाखाली येता कामा न्हाय. आन म्या समोर बसनार."

आता उपाशी सुतार कुठून आणायचा? मी तोंड पाडून गफारभाईच्या दुकानात गेलो आणि अट सांगितली. गफारभाई हसायला लागला.

"भाऊसाहेब, रमजान चालू हाय. पहाटेपास्नं थुंकीबी गिळली न्हाय म्या."

तो तसाच उठून आला. धुरपदाबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"पानी?"

"पानीबी न्हाय, आज्जी. मगरीबपत्तर, सांजच्या अजानीपत्तर."

"मग तू ये बाबा," त्यांनी बसायला पोतं दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "गोरोबा, तुज्या तोंडाला चहाचा वास येतोय. लांब बस."

पण शब्द माझा होता आणि 'माझ्या हातानं' असं मीच माइकवर म्हणालो होतो. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मीही चहा बंद केला. पहाटे उठायचं, गफारभाईसारखं काय ते खाऊन घ्यायचं आणि मग दिवसभर कोरडं. शाळेत चहाची किटली समोरून जायची, तेव्हा मी हजेरीपटात डोकं घालायचो. मुख्याध्यापकांनी विचारलं, "प्रकृती बरी आहे ना?" मी म्हटलं, "धनुष्य करतोय." त्यांनी मला अर्ध्या दिवसाची रजा दिली. संध्याकाळी अजान झाली की गफारभाई खजूर काढायचा, एक मला, एक स्वतःला. मी त्या अठरा दिवसांत बारा उपवास केले. गफारभाईच्या मते ते बारा रोजे. "नाव कायबी द्या," तो म्हणायचा, "पोट तेच."

आणि शुक्रवारी नळ आपल्या पाळीनं, न चुकता आला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. नाहीतर गल्लीनं मला त्याच लाकडानं बडवलं असतं.

*

धनुष्य करणं म्हणजे लाकूड वाकवणं, असं मला वाटत होतं. तसं नसतं. लाकूड तासायचं, खुंटीला मधोमध टांगायचं, दोन टोकांना बांधलेला दोर खाली ओढायचा आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचं. जी बाजू ताठ, तिला थोडं तासायचं. एवढंच. पण 'थोडं' कशाला म्हणतात हे मला मिशी कापतानाही कधी समजलेलं नाही.

पहिल्या दिवशी डावी बाजू वाकली, उजवी ताठ. उजवी तासली, तर उजवी वाकून डावी ताठ. डावी तासली. मग पुन्हा उजवी. मनगटाएवढं लाकूड बघता बघता लाटण्याएवढं झालं. माझा हात पुन्हा डावीकडं गेला, तेव्हा गफारभाईनं तो धरून ठेवला.

"आता बास, भाऊसाहेब. आसंच चाललं तर बुवाच्या हातात दातकोरणं द्यावं लागंल."

उजवीकडं एक गाठ होती. तिच्याभोवतीचं लाकूड न तासता तसंच ठेवायचं, असं त्यानं सांगितलं, त्यामुळं त्या जागी धनुष्याला पोपटाच्या चोचीसारखा बाक आला. आण्णासाहेब रोज येऊन तो बाक बघायचे आणि "आम्ही बांबू सांगितला होता" एवढं म्हणून जायचे. धुरपदाबाई समोर बसून पडलेली प्रत्येक ढलपी पदरात गोळा करायच्या. एकदा माझा पाय एका ढलपीवर पडला, तर त्यांनी मला लिंबाला तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या. माझ्या आधीच्या तीन प्रदक्षिणा त्यांना माहीत नव्हत्या, म्हणून मी मुकाट्यानं घातल्या.

दोर कशाचा करायचा हा पुढचा घोळ. सुतळी पहिल्याच ओढीला तुटली आणि मी पाठीवर पडलो. रणधीरनं माकणीहून धरणावर जाळी विणणाऱ्यांकडचा नायलॉनचा दोरा पाठवला. तो सात पदरी वळून चढवायला गेलो, तर धनुष्य माझ्या गुडघ्याखालून निसटलं, उलटं फिरलं आणि माझ्या नाकावर बसलं. चष्मा तुळशीत सापडला, दोन तुकड्यांत. अंगठ्याचं नख कधी गेलं ते कळलंच नाही. पण त्याच संध्याकाळी दोर चढला. मी बोटानं छेडला, आणि तो वाजला. खोल, एकतारीसारखा. मग अजान झाली आणि आम्ही खजूर खाल्ला. त्या दिवशी धुरपदाबाईंनीही एक घेतला.

*

रामनवमीला मांडव गच्च भरला होता. चारही खांबांना केळीचे खुंट बांधलेले, मधे फुलांनी मढवलेला पाळणा. पाळण्याची दोरी अर्थातच धुरपदाबाईंच्या हातात. बरोबर बाराला रामजन्म, दोरी ओढायची आणि गुलाल उधळायचा. त्यानंतर बुवांचा निरोपाचा सत्कार होता. शाल, श्रीफळ आणि आण्णासाहेबांचं चार पानी भाषण तयार होतं. गफारभाई ईदचा नवा कुर्ता घालून शेवटच्या खांबापाशी बसला होता.

धनुष्य मी उपरण्यात गुंडाळून पहिल्या रांगेत मांडीवर घेऊन बसलो होतो. पन्नास वर्षं मनात बाळगलेलं धनुष्य आणि माझं हे चोचीचं धनुष्य. बुवांचं पडलेलं तोंड मला दिसू लागलं. अन्‌ मोडलं तर? सगळ्या गावासमोर, रामाच्या दिवशी, काडकन?

साडेअकराला बुवांनी कीर्तन मधेच थांबवलं. "गोरोबा, शब्द दिला हुता."

मी उठलो. उपरणं सोडलं आणि धनुष्य बुवांच्या हातात दिलं.

बुवांनी ते दोन्ही हातांवर तोललं. टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवली. गाठीपाशी बोट थांबलं. माइकवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"येवढं हलकं आसतं व्हय?" बुवा म्हणाले. "आन मी पन्नास वर्सं लई जड सांगत आलो."

बुवांनी डोळे पुसले, दोर ओढून बघितला आणि एकदम माझ्याकडं वळले. "बाण कुठाय?"

मी धनुष्य कबूल केलं होतं. बाणाचा विषयच निघाला नव्हता. मी ओशाळून मान खाली घालतोय तोच शेवटच्या खांबापासून गफारभाई उठला. त्याच्या हातात तीन सरळसोट काड्या होत्या, टोकाला कापसाचे बोळे बांधलेल्या. "भाऊसाहेब इसरनार, ठावं हुतं," तो म्हणाला आणि बाण हातोहात पुढं आले.

बुवांनी समोरच्या केळीच्या खुंटावर नेम धरला. तेवढ्या भागातली मंडळी सरकली. दोर ओढला, सोडला. बाण त्यांच्याच पायाशी पडला.

"बुवा, डावा खांदा खाली घ्या!" आण्णासाहेब ओरडले. ते कृषी सहाय्यक होते हे मी आधी सांगितलंच आहे.

दुसरा बाण पेटीवाल्याच्या मांडीत गेला. तिसरा वर मांडवाच्या कापडाला लागून माझ्या डोक्यावर पडला. पोरांनी बाण गोळा करून परत दिले. आता सगळा मांडव शिकवायला लागला. "श्वास रोखा बुवा!" "येक डोळा मिटा!" "जरा वर, आजून वर!" मृदंगवाला प्रत्येक बाणाला थाप देऊ लागला. बुवांचा फेटा सुटला होता, घाम निथळत होता, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस दोन्ही गुडघ्यांवर ताठ उभा राहून खुंटाशी भांडत होता.

"बुवा!" धुरपदाबाईंचा आवाज आला. "बारा वाजले! देव खोळंबलाय!"

"येकच आत्या, ह्यो येकच!"

"आरं पर जलम व्हायचाय त्याचा!"

"त्याला म्हनावं थांब जरा," बुवा नेम धरत म्हणाले. "त्याचंच चाललंय. आन पोराला धनुष्याची घाई कळती, तुमाला न्हाय कळायची."

बाण सुटला. केळीच्या पानाला लागला. पान फाटलं. मांडवात असा गजर उठला, की मारुतीच्या देवळावरची कबुतरं उडाली. मी आण्णासाहेबांना मिठी मारली होती, आणि त्यांनी मला, हे आम्हाला दोघांनाही नंतर आठवून बरं वाटलं नाही. धुरपदाबाईंनी मग कुणाची वाट बघितली नाही. त्यांनी दोरी ओढली आणि ओंजळभर गुलाल आधी बुवांच्याच तोंडावर मारला. रामाचा जन्म सगळीकडं बाराला झाला. आमच्या गल्लीत तो बारा वाजून सात मिनिटांनी झाला.

"धनुष्य आधी आलं आन राम मागनं," आण्णासाहेब म्हणाले आणि खिशातून चार पानं काढून सत्काराला उभे राहिले. "आज आपले लाडके बुवा कीर्तनसेवेतून..."

"बसा खाली," बुवा म्हणाले. तोंड गुलालानं लाल, धनुष्य खांद्यावर. "कसला सत्कार? पान फाटलंय निसतं. खुंट तसाच हुभा हाय. म्होरल्या सालीबी मीच येनार."

"पण बुवा, गुडघे?"

बुवांनी खाली वाकून आपल्या गुडघ्यांकडं पाहिलं, जणू आत्ताच आठवले. "त्यांचं बघू," ते म्हणाले.

आण्णासाहेब चार पानं हातात धरून उभेच राहिले. शेवटी त्यांनी ती घडी घालून खिशात ठेवली, आणि बुवांना शाल मात्र दिली, थंडीची म्हणून.

प्रसाद घेऊन बुवा नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसले. धनुष्य कुणाकडं द्यायला तयार नव्हते. ते त्यांनी आडवं धरलं होतं, चोचीचं टोक रस्त्याच्या एका बाजूला, दुसरं टोक दुसऱ्या बाजूला. मुख्य रस्त्यावर दोन्हीकडची वाहनं थांबली. धान्याचा एक ट्रकही थांबला. मी, गफारभाई आणि धुरपदाबाई चौकात उभे राहून बघत होतो. वळणावर बुवा मागं फिरून हात करतील असं वाटलं. पण त्यांचे दोन्ही हात भरलेले होते.